महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (द्विभाषी बेअर ॲक्ट, म्हणजे भाष्याशिवाय नुसता कायद्याचा मजकूर): पुस्तक उपयोगी, छपाईला दोनच तारे

मी हातगाडीवाल्यांच्या संघटनेचं काम बघते. जिल्हा कोर्टाबाहेरच्या स्टॉलवरून हे घेतलं, कारण एका पानावर इंग्रजी आणि समोर मराठी. चौकीत कोणाला ‘मूळ कायद्यात असं नाहीच’ म्हणून सटकता येत नाही.

आधी कलम २ मधल्या व्याख्या वाचा, करमणूक होते. गुरांमध्ये हत्ती आणि उंटसुद्धा धरलेत. आणि ‘रस्ता’? पूल, धक्का, गल्ली, बोळ, पायवाट, चौक, सगळं त्यात. पलीकडे वाट निघत नसली तरी लोकांना जाता येतं ना, मग रस्ताच. आमच्या भाजीवाल्या बायका कुठेही टोपली टेकवोत, कलम १०२/११७ खाली (रस्त्यात अडथळा आणि त्याची शिक्षा) केस तयार.

आता कलम १४७ काढा. कारण नसताना घरात शिरून झडती घेणं, निव्वळ त्रास द्यायला माल जप्त करणं, उगाच अडकवून ठेवणं, ताब्यातल्या माणसाला गरज नसताना मारणं, यासाठी पोलिसाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्रास कशाला म्हणायचं, गरज होती की नव्हती हे कशावरून ठरवायचं, त्याची व्याख्या कुठेच नाही. उंटाची सोय आहे, याची नाही! आमच्यातल्या एकीचा वजनकाटा पावती न देता उचलून नेला, तेव्हा साहेबांपुढे हेच पान उघडून ठेवलं. ‘ताई, आम्ही फक्त रस्ता मोकळा करत होतो,’ म्हणाले. काटा मात्र संध्याकाळी परत आला.

प्रकाशकाबद्दल बोलायचं तर चीड येते. पोलीस तक्रार प्राधिकरणाचं कलम २२-क्यू कामाचं आहे: कोठडीतला मृत्यू, जबर दुखापत, पद्धत न पाळता अटक, खंडणी, घर-जमीन बळकावणं, या सगळ्यांची तिथे चौकशी होऊ शकते. पण जबर दुखापतीसाठी अजून भारतीय दंड संहितेचं कलम ३२०च छापलंय. १ जुलै २०२४ पासून त्याजागी भारतीय न्याय संहितेचं कलम ११६ आलं, आणि किती दिवस नेहमीचे व्यवहार करता आले नाहीत तर दुखापत ‘जबर’ धरायची, ती मुदत २० दिवसांवरून १५ वर आली. मुखपृष्ठावर ‘अद्ययावत’ लिहिता, मग एक तळटीप जड झाली?

अक्षर मुंगीएवढं, मागे सूची नाही, आणि बांधणी इतकी कच्ची की १४७ चं पान सुटून हातात आलंय. ते मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये ठेवते. घ्यायचं असेल तर स्टॉलवरच उलगडून शिवण बघा, ऑनलाइन मागवू नका.