‘तीस फूट खोल सोनं दाखवतं’ म्हणून विकलं जाणारं मशीन

जाहिरात ठरलेली असते. ‘सोनं, चांदी, तांबं वेगवेगळं ओळखतं, तीस फूट खोल जातं, शंभर मीटरवरून दिशा दाखवतं, शेतावर येऊन डेमो फुकट.’ किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत गुप्तधन किती चमकतंय त्यावर. घराण्यात कुणी हंडा पुरून ठेवल्याची गोष्ट सांगितली जात असेल, तर भाव आणखी चढतो.

फसवणूक कुठे होते ते कळायला खरं मशीन काय करतं ते आधी माहीत पाहिजे. नाणी शोधायचे बहुतेक मेटल डिटेक्टर दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून साधारण ३ ते ४० किलोहर्ट्‌झचा प्रवाह सोडतात. खाली धातू असला की त्यात भोवरा प्रवाह (धातूत गोल फिरणारी वीज) तयार होतो आणि दुसरं वेटोळं तो टिपतं. मेख अशी की नाण्यापर्यंत जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळा हा परिणाम अंतराच्या घनाने घटतो. चकतीच्या मापाच्या पलीकडे गेलं की खोली दुप्पट झाल्यावर संकेत सुमारे ६४ पट क्षीण होतो. म्हणून अकरा इंची चकतीला रुपयाएवढं नाणं स्वच्छ मातीत वीतभर खोल लागतं, आपल्या दख्खनच्या मातीत त्याहूनही कमी. हंड्याएवढी वस्तू याच मशीनला दोन-तीन फुटांवर लागू शकते. दांड्याच्या दोन टोकांना दोन पेट्या असलेली मोठी मशीनं आणखी खोल जातात, पण त्यांना एकेकटं नाणं लागतच नाही. ‘तीस फूट खोल एक मोहोर’ हे कोणत्याही किमतीला मिळत नाही.

दुसरी गोष्ट, मशीनला सोनं ओळखता येत नाही. पडद्यावर जो आकडा येतो तो धातूची वहनक्षमता, आकार आणि जाडी यांचा एकत्र परिणाम असतो. सोन्याची बारीक अंगठी, शीतपेयाच्या डब्याचं टोपण, गोळ्यांच्या पाकिटाची चुरगळलेली ॲल्युमिनियमची पन्नी, हे सगळं एकाच आकड्याच्या आसपास येऊ शकतं. पितळेचं आणि सोन्याचं नाणं केवळ आवाजावरून वेगळं काढणं सराईत माणसालाही जमत नाही. काही पडद्यांवर अमुक आकड्यापुढे सोन्याचं चित्र छापलेलं असतं, ते फक्त चित्र आहे.

आता फसव्या मालाकडे येऊ. सगळ्यात जुना प्रकार म्हणजे पिस्तुलासारखी मूठ आणि पुढे मोकळी फिरणारी अँटेना. आत काही नसतं, किंवा एखादा लुकलुकणारा दिवा आणि एक सर्किट उगाच बसवलेलं असतं. मनगट अगदी जरासं कललं तरी अँटेना स्वतःच्या वजनाने त्या बाजूला वळते आणि धरणाऱ्याला वाटतं की ती ओढली गेली. धरणारा प्रामाणिक असला तरी असंच होतं, कारण मनात जी दिशा असते तिकडे स्नायू नकळत झुकतात. पायाळू माणसाच्या हातातली पाणी शोधायची काडी याच कारणाने वळते. हा खेळ फक्त खेड्यापाड्यांत चालतो असं समजू नका. ‘एडीई ६५१’ नावाचं असंच उपकरण इराकमध्ये बॉम्ब शोधायला विकलं गेलं. मुळात ते गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यावरून घेतलेलं होतं. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. त्याच जातीच्या ‘जीटी २००’ची थायलंडमध्ये २०१० साली चाचणी झाली. चार पेट्यांपैकी एकीत स्फोटक ठेवून वीस वेळा विचारलं, तर उत्तर चारदा बरोबर आलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी सरासरी पाचदा बरोबर आलं असतं! लष्कराला जे खपवता येतं ते शेतकऱ्याला खपवायला कितीसा वेळ लागणार?

दुसरा प्रकार दिसायला भारी असतो, टॅबलेटच्या पडद्यावर जमिनीचा लाल-निळा नकाशा काढणारा ‘थ्रीडी स्कॅनर’. यांतली बरीचशी यंत्रं मुळात चुंबकीय क्षेत्रातला फरक मोजतात. सोनं, चांदी, तांबं यांना लोखंडासारखं चुंबकत्व नसल्यामुळे ती या यंत्राला दिसतच नाहीत. दिसतो तो खिळा, नांगराचा फाळ आणि काळा दगड. दख्खनचा बेसाल्ट लाव्हारस थंड होतानाच चुंबकत्व घेऊन बसलेला आहे. त्यामुळे सह्याद्रीपासून पश्चिम विदर्भापर्यंत काळ्या दगडाच्या मुरमाड रानात हे यंत्र फिरवा, दर चार पावलांवर एक लाल ठिपका हमखास येतो. विक्रेता लाल ठिपक्याला हंडा म्हणतो आणि निळ्याला भुयार.

तिसऱ्या प्रकारात मशीन खरंच डिटेक्टर असतं, पण दोन-चार हजारांचं स्वस्त चिनी मॉडेल नव्या वेष्टनात घालून दहापट भावाला विकलेलं असतं. किंवा गॅरेट, मायनलॅब अशा नामांकित कंपनीच्या मशीनची हुबेहूब नक्कल असते. यावर उपाय सोपा आहे. अनुक्रमांक घेऊन थेट कंपनीकडे विचारा, विकणाऱ्याने दिलेल्या नंबरवर नव्हे. पावतीवर मॉडेल, अनुक्रमांक आणि जीएसटी क्रमांक नसेल तर तिथेच थांबा.

शेतातला डेमो जवळून बघण्यासारखा असतो. माणूस मशीन चालू करतो, सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत वाढवतो, सर्व धातूंचा मोड लावतो आणि ग्राउंड बॅलन्सला, म्हणजे मातीतल्या लोहखनिजाचा आवाज दाबायच्या जुळणीला, हातही लावत नाही. मग बांधाच्या कडेने, जिथे काळे धोंडे टाकलेले असतात तिथून फिरतो. मशीन किंचाळायला लागतं. ते ओरडत असतं दगडातल्या लोहखनिजावर, पण सांगितलं जातं की ‘इथे माल मोठा आहे, मशीनला झेपत नाहीये.’ मग मोठं मशीन निघतं, त्याची वेगळी किंमत निघते. एवढ्यावर कुणी बधलं नाही तर पेरणी केलेली असतेच. आदल्या रात्री चार बोटं खोल एखादं नाणं पुरलेलं असतं आणि डेमोच्या वेळी ते ‘सापडतं’. ताजी उकरलेली माती लपवायला वर शेणखत किंवा पाचोळा पसरतात. जिथे माती हाताला भुसभुशीत लागते आणि आजूबाजूची कडक आहे, तिथे काय झालंय ते विचारायची गरज नाही.

पेरायला वापरतात ती नाणी बाजारात किलोवर मिळतात. १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली, एका बाजूला हनुमान किंवा रामदरबार काढलेली नाणी तुम्ही पाहिली असतील. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. कंपनीचं सगळीकडे चालणारं एकसारखं नाणं १८३५ पासून सुरू झालं. व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया म्हणून दाखवतात तो वजन करून बघा. खरा ११.६६ ग्रॅमचा असतो, झिजलेला थोडा कमी भरतो. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ किंवा बारीक छिद्रं दिसतात. आणि १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटला म्हणून त्याला खोटा म्हणू नका, तो निकेलचाच आहे. सोन्याच्या नाण्याबाबत तर एकच खरं सोन्याचं नाणं चाचणीला देऊन बाकी गाठोडं पितळेचं विकण्याची युक्ती फार जुनी आहे. नव्या जमान्यात त्यात डिटेक्टरची भर पडली आहे, ‘बघा, मशीनसुद्धा सोनं दाखवतंय.’ चाचणी द्यायची तर नग तुम्ही गाठोड्यातून निवडायचा आणि तो सराफाकडे न्यायचा.

पैसे देण्याआधी करायची परीक्षा अशी. एकाच मापाच्या दहा प्लास्टिकच्या बादल्या सपाट जागेवर दोन-दोन मीटरवर पालथ्या घाला. त्या जागेवर आधी रिकामं मशीन फिरवून खाली धातू नाही याची खात्री करा. तुमच्या घरातल्या एकाने चिठ्ठी काढून एका बादलीखाली नाणं ठेवायचं आणि तिथून निघून जायचं. विक्रेता, तुम्ही आणि बघे, कुणालाही बादली माहीत नसली पाहिजे, कारण जाणणाऱ्याचा चेहरा बोलतो. मग विक्रेत्याने बादली दाखवायची. असं वीस वेळा. नुसत्या नशिबाने सरासरी दोनदा बरोबर येईल. साध्या खऱ्या डिटेक्टरला विसाच्या विसाही वेळा सापडलं पाहिजे, कारण चकती आणि नाण्यात वीतभराचं अंतर ठेवायचं आहे. बादल्या उंच असतील तर प्लास्टिकची घमेली घ्या. नाणं आजचं एक-दोन रुपयांचं घेऊ नका, ती स्टेनलेस पोलादाची आहेत आणि मशीन त्यांना लोखंड समजून गाळू शकतं. पाच-दहाचं किंवा जुनं तांब्याचं नाणं घ्या.

इथे सबबी सुरू होतात. मोबाइलचा टॉवर, अमावास्या, हवेतला दमटपणा. यांतली सगळ्यात चलाख सबब म्हणजे ‘नवीन ठेवलेला धातू लागत नाही, शंभर वर्षं जमिनीत मुरला की त्याचं वलय तयार होतं.’ लोखंड गंजून आसपासची माती बदलते हे खरं आहे. पण सोनं गंजत नाही, म्हणजे त्याचं वलय तयार व्हायचा प्रश्नच नाही. जे मशीन हवेतलं नाणं धरत नाही, ते मातीतलंही धरणार नाही.

खरं मशीन हातात आल्यावरही शिकायला काही आठवडे जातात. ते नीट शिकलेल्याला ‘शेतभर सोनं’ विकणं अवघड असतं. आधी चकती वर-खाली हलवून, जमिनीपासून साधारण दोन ते पंधरा सेंटिमीटर, ग्राउंड बॅलन्स करा. मातीवर आवाज येईनासा व्हायला हवा. काळ्या मुरमातून जांभ्यात गेलात की पुन्हा करा. कोकणात आणि गोव्यात तर ते वारंवार करावं लागतं. सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवू नका. मशीन शांत राहील एवढीच ठेवली की खोली प्रत्यक्षात वाढते, कमी होत नाही. चकती जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटिमीटर वर, टोकाला न उचलता फिरवा आणि प्रत्येक फेरा आधीच्यावर अर्धा चढवा. आवाज आला की काटकोनात दुसरा फेरा घ्या. दोन्ही बाजूंनी एकसारखा, नेमका आवाज आला तर नाण्याची शक्यता आहे. एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने तुटतो, तर तो बहुधा खिळा किंवा बैलाच्या नालेचा तुकडा. लोहखनिज असलेल्या धोंड्यावर चकती जरा वर उचलली की आवाज चटकन नाहीसा होतो, नाण्यावर तो हळूहळू क्षीण होतो. घरामागे एक फूट, अर्धा फूट आणि चार बोटं असं तीन वेगवेगळ्या अंतरांवर खोल एकाच प्रकारची नाणी पुरून ठेवा. आपल्या मशीनचा खरा पल्ला तिथे कळतो, आणि फूटभर खोलचं नाणं बहुतेक वेळा लागत नाही हेही कळतं.

आता कायदा. फसवणारे त्याच्या भीतीवरच निसटतात. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून सरकारी खजिन्यात जमा करावं लागतं किंवा जामीन द्यावा लागतो. लपवलं तर कैद एक वर्षापर्यंत आणि शोधणाऱ्याचा वाटाही जातो. संरक्षित किल्ल्याच्या किंवा स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खोदणं हा वेगळा गुन्हा. ‘जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढून देतो’ म्हणून शिक्क्याचा कागद विकणारा भेटला तर कागद घेऊन थेट त्याच कार्यालयात जा. पूजा, नागाची राखण, बळी अशी भाषा सुरू झाली तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होऊ शकतो, त्यात सहा महिने ते सात वर्षांची शिक्षा आहे.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, तासागणिक रक्कम पुढे सरकते. दुकानदाराकडून पावतीवर घेतलेलं मशीन असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. फसवणुकीची फिर्याद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होते. मशीन विकत घेण्यात गुन्हा नसतो, तेव्हा ठाण्यात जायला घाबरू नका. मशीन, खोका, पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि संभाषणं जशीच्या तशी ठेवा. विक्रेता ‘दुरुस्तीला पाठवा, बदलून देतो’ म्हणाला तरी मशीन हातचं सोडू नका. मशीन त्याच्याकडे परत गेलं की तुमच्याजवळ दाखवायला काही उरत नाही. काही महिन्यांनी ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. गंडलेल्या गिऱ्हाइकांची यादी अशा टोळ्यांत पुढे विकली जाते, आणि तो फोन त्याच यादीवरून आलेला असतो.