पोटगीच्या शपथपत्रात उत्पन्न लपवायचं की सगळं मांडायचं?

घटस्फोटाची केस उभी राहिली की घरच्यांकडून सल्ले सुरू होतात. "एफडी मोडून आईच्या नावावर टाक." "ट्यूशनचे पैसे येतात ते बोलूच नकोस." पहिला सल्ला नवऱ्याला मिळतो, दुसरा बायकोला. ऐकायचं की नाही हे ठरवण्याआधी दोन्ही वाटा कुठे पोचतात ते बघा.

लपवण्यात फायदा नाही असं मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या तारखांना आकडा छोटा दिसतो आणि अंतरिम पोटगी, म्हणजे केस चालू असताना द्यायची पोटगी, त्या बेताने ठरू शकते. सगळं मांडलं तर ती रक्कम वाढण्याची शक्यता असते, हेही खरं.

पण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला आणि गणित बदललं. पोटगीच्या दाव्यात मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र दोघांनाही सक्तीचं झालं. उत्तर देणाऱ्याने ते ४ आठवड्यांत द्यायचं. मुद्दाम टाळाटाळ करणाऱ्याचा बचावच कोर्ट काढून टाकू शकतं. मग निर्णय समोरच्याच्या कागदांवर होतो. शपथपत्राच्या ठरवून दिलेल्या नमुन्यात लग्नाच्या काळात विकलेल्या किंवा दुसऱ्याकडे वळवलेल्या मालमत्तेचा तपशील आणि कारणही विचारलं आहे. म्हणजे आईच्या नावावर टाकलेल्या एफडीबद्दलही शपथेवर लिहावंच लागतं.

लपवणाऱ्याचं सर्वात मोठं नुकसान मात्र वेगळंच आहे, आणि ते फार कमी लोक लक्षात घेतात. समजा, एका दुकानदाराने रिटर्नमध्ये वर्षाला साडेचार लाख दाखवले. समोरच्या वकिलाने मुलाची फी, गाडीचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाची बिलं मांडली, तर बेरीज सात लाखांवर गेली. उलटतपासणीत "वरचे पैसे कुठून आले?" एवढा एक प्रश्न पुरतो. त्याच्याकडे उत्तर नसलं की कोर्ट राहणीमानावरून उत्पन्नाचा अंदाज बांधतं, आणि तो खऱ्या आकड्यापेक्षा मोठाही असू शकतो. त्याच माणसावर वडिलांच्या डायलिसिसचा खर्च असेल, घराचं कर्ज असेल, तर ते खरं असूनही त्याच्या शब्दाला वजन उरत नाही. सगळं मांडणारा मात्र हेच हप्ते आणि हीच हॉस्पिटलची बिलं जोडून पोटगी कमी करून मागू शकतो. नोकरी लपवणाऱ्या बायकोचंही असंच होतं: मुलांच्या खर्चाची तिची रास्त मागणीसुद्धा संशयात सापडते.

फौजदारी बाजू थोडक्यात. खोट्या शपथपत्राबद्दल कोर्ट चौकशी करून तक्रार पाठवू शकतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ नुसार न्यायालयीन कामात खोटा पुरावा देण्याला ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा तक्रारी तडीला जायला वेळ लागतो. विश्वास मात्र त्याच तारखेला जातो.

परस्पर संमतीने वेगळं होणाऱ्यांना वाटतं, एकदा सह्या झाल्या की विषय संपला. कोर्टाची फसवणूक करून मिळवलेला हुकूम टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच स्पष्ट केलं आहे. तडजोडीत फ्लॅट दडवला असेल, तर प्रकरण पुन्हा उघडण्याची टांगती तलवार राहते.

परदेशात स्थायिक झालेल्यांनी तर जास्तच जपावं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नवऱ्यांनी माहिती दडवलेल्या दोन तडजोडी टिकू दिल्या नाहीत. कॅलिफोर्नियात एका बायकोने सुमारे १३ लाख डॉलरची लॉटरी लपवली होती, ती सगळी रक्कम नवऱ्याला मिळाली. आपल्याकडे गोव्यात, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, मालमत्तेत पती-पत्नीचा निम्मा-निम्मा वाटा असतो. त्यामुळे तिथे लपवणं म्हणजे थेट दुसऱ्याच्या हिश्श्यावर हात टाकणं.

शपथपत्र अर्धवट गेलं असेल तर समोरच्याने कागद काढण्याआधी वकिलाशी मोकळेपणाने बोला. बदललेली परिस्थिती मांडायला पूरक शपथपत्र देता येतं. राहिलेली चूकही आपण होऊन दुरुस्त करणाऱ्याकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं. पासबुकं, तीन वर्षांची रिटर्न, कर्जाची पत्रं आणि आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण घेऊन बसा. त्या विवरणात व्याज, लाभांश, शेअरचे व्यवहार दिसतात, आणि समोरचा वकील कोर्टाकडून तेच मागवून घेणार आहे.