अभ्यासिकेतला अ‍ॅक्सेस पॉइंट : चार महिन्यांच्या वापरानंतर

निपाणीतील एका जुन्या तंबाखूच्या वखारीत आमची अभ्यासिका चालते. खाली मोठे दालन, वर माळा, मध्ये दोन फूट जाडीची दगडी भिंत आणि डोक्यावर पत्रा, अशी ही जागा वायफायसाठी कोणी मुद्दाम निवडणार नाही. बँकेच्या आणि पोलीस भरतीच्या परीक्षांची तयारी करणारी मुले संध्याकाळी सात वाजता एकदम येतात आणि त्याच वेळी नेट अडखळू लागते, ही आमची जुनी तक्रार होती. चार महिन्यांपूर्वी आम्ही साडेचार हजार रुपयांच्या आतला, छताला बसणारा, फोनना वायफाय पुरवणारा एक अ‍ॅक्सेस पॉइंट घेतला. त्याच्या उणिवाही पुढे सांगायच्या असल्याने कंपनीचे नाव देत नाही. या किमतीच्या बहुतेक यंत्रांत माहितीची पाने साधारण अशीच असतात आणि हे परीक्षण मुख्यतः त्या पानांचेच आहे.

ब्राउझरमधून यंत्रात शिरले की पहिल्याच पानावर वाहतुकीचा आलेख दिसतो. तो देखणा आहे, हलता आहे आणि म्हणूनच फसवा आहे. पहिल्या आठवड्यात मी रोज त्याच्याकडेच पाहत बसलो. संध्याकाळी सात वाजता २७ उपकरणे जोडलेली, आमची जोडणी १०० एमबीपीएसची, आणि आलेखात जेमतेम ९ एमबीपीएस वापर. त्यावरून मी जोडणी देणाऱ्यावर संशय घेतला आणि त्याच्याशी वादही घातला, जो नंतर मलाच गिळावा लागला. वायर लावून लॅपटॉपवर पाहिले तर वेग पूर्ण मिळत होता. नळाला पाणी होते, पण ते घ्यायला एकच भांडे आणि रांगेत २७ माणसे, असा प्रकार होता.

खरी गोष्ट सापडली ती रेडिओच्या, म्हणजे हवेतल्या लहरींची माहिती देणाऱ्या पानावर. तिथे २.४ गिगाहर्ट्‌झचा चॅनल (लहरींचा ठरलेला पट्टा) ६, त्याची रुंदी ‘ऑटो’, प्रक्षेपणाची शक्ती २० डीबीएम (लहरींचा जोर मोजण्याचे एकक; आकडा जितका उणे, तितका जोर कमी), पार्श्वभूमीचा गोंगाट उणे ९२ डीबीएम आणि चॅनल किती व्यापलेला आहे याचा आकडा ८२ टक्के दिसत होता. हा शेवटचा आकडाच या यंत्राची निम्मी किंमत वसूल करतो, असे माझे मत आहे. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. हवा ८२ टक्के वेळ भरलेली असेल तर वायरीतून कितीही येवो, ते मुलांपर्यंत पोहोचणार कसे? शेजारची लॉज आणि समोरची दोन दुकाने यांचे राउटर याच भागात होते आणि त्यांपैकी एक चॅनल ४ वर होता. चॅनल केवळ ५ मेगाहर्ट्‌झच्या अंतराने मांडलेले असतात आणि प्रत्येकाला सुमारे २० मेगाहर्ट्‌झ जागा लागते; त्यामुळे १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांच्या अंगावर न येता चालतात. चॅनल ४ वर बसलेला माणूस १ वाल्यालाही त्रास देतो आणि ६ वाल्यालाही. आम्ही ११ वर गेलो, रुंदी २० मेगाहर्ट्‌झवर पक्की केली आणि देशाच्या यादीत भारत निवडला.

त्यानंतर जोडलेल्या उपकरणांचे पान. माळ्यावरचा एक विद्यार्थी म्हणाला होता, “सर, रेंज फुल्ल दाखवतंय, पण व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतोय.” फोनवरची रेंज म्हणजे फोनला यंत्राचा आवाज किती मोठा ऐकू येतो ते, या पानावरचा आकडा उलट बाजूचा असतो, म्हणजे यंत्राला फोनचा आवाज किती ऐकू येतो तो. त्याच्या फोनचा आकडा उणे ८४ डीबीएम, म्हणजे गोंगाटाच्या जेमतेम वर, होता आणि वेग ६.५ एमबीपीएस. छतावरचे यंत्र जोरात ओरडत होते आणि दगडी भिंतीपलीकडचा लहानसा फोन पुटपुटत होता. नुकसान त्याचे एकट्याचे नव्हते, कारण जो मजकूर १३० एमबीपीएसवरचा फोन क्षणात उचलतो, त्यासाठी ६.५ वरचा फोन वीसपट वेळ हवा अडवून ठेवतो. असे तीन-चार फोन माळ्यावर जमले की खालचे सगळे खोळंबतात. पुन्हा पाठवाव्या लागणाऱ्या पाकिटांचे (माहितीच्या तुकड्यांचे) प्रमाण तेव्हा ३१ टक्के होते.

उपाय म्हणून माळ्यावर त्याच जातीचे दुसरे यंत्र बसवले आणि त्याला चॅनल १ दिला. तरीही फोन खालचेच यंत्र धरून बसत, जसा सीमेजवळच्या कोगनोळीच्या बाजूला फोन कधी कधी नदीपलीकडच्या टॉवरला चिकटून राहतो. खालच्या यंत्राची शक्ती २० वरून १४ डीबीएमवर आणली, म्हणजे सुमारे १०० मिलीवॅटवरून २५ वर, तेव्हा फोन वरच्या यंत्राकडे वळले. नवे फोन ५ गिगाहर्ट्‌झवर गेल्यामुळेही भार हलका झाला. भारतात २०१८ पासून या पट्ट्यातली बरीच जागा विनापरवाना वापरासाठी खुली आहे. ५२ ते १४४ मधला चॅनल निवडल्यास रडार नाही ना हे ऐकण्यासाठी यंत्र निदान एक मिनिट गप्प बसते, म्हणून आम्ही ३६ आणि १४९ घेतले. आज सात वाजता व्याप्ती ४० टक्क्यांच्या आसपास असते आणि पुनर्प्रेषण ९ टक्के.

आता वाहतुकीच्या आकडेवारीबद्दल, कारण माझा राग तिथे आहे. ‘ट्रान्समिट’ आणि ‘रिसीव्ह’ हे शब्द रेडिओच्या बाजूने लिहिले आहेत. यंत्राचे ट्रान्समिट म्हणजे मुलांचे डाउनलोड. हे कुठेही समजावलेले नाही, त्यामुळे आमच्या कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी “एवढं अपलोड कोण करतंय, बघा जरा” म्हणून मला बैठकीत उभे केले. त्याहून वाईट म्हणजे एका संध्याकाळी ३.९ जीबी दिसणारी एकूण बेरीज थोड्याच वेळाने ११२ एमबी झाली. यंत्र बिघडले नव्हते. मोजणारा ३२ बिटांचा असल्याने ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की तो शून्यापासून पुन्हा सुरू होतो. सध्याच्या काळात ही मर्यादा ठेवणे हा निष्काळजीपणाच आहे. लाईट गेली की बेरीज तशीही पुसली जाते.

यावर वाट आहे, पण ती कंपनीने दाखवलेली नाही. एसएनएमपी, म्हणजे यंत्राचे आकडे दुसऱ्या संगणकाला वाचू देणारी सोय, चालू करून एका जुन्या संगणकाने दर पाच मिनिटांनी आकडे उचलायचे. आवृत्ती ‘२सी’ निवडावी, कारण पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचा मोजणारा मिळतच नाही. आणि ‘पब्लिक’ हा तयार परवलीचा शब्द आधी बदलावा. माझ्या यंत्रात ६४ बिटांचे आकडे तिथे नीट मिळतात, म्हणजे आत सोय आहे, फक्त पानावर आणलेली नाही.

मुलांनी विचारले, “सर, आम्ही काय बघतो ते तुम्हाला दिसतं का?” दिसत नाही. उपकरणाचा पत्ता (मॅक अ‍ॅड्रेस), सिग्नल, वेग आणि बाइट, एवढेच. पत्तेही बहुतेक तात्पुरते असतात. पत्त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असले तर तो फोनने स्वतः बनवलेला आहे असे समजावे. त्यामुळे पत्त्यावरून फोन कोणत्या कंपनीचा हे सांगणारा रकाना जवळजवळ रिकामाच राहतो.

वायफायची नावे कमी ठेवावीत, हे मी उशिरा शिकलो. मुले, कार्यालय, पाहुणे, कॅमेरे अशी चार नावे ठेवली होती; प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा सगळ्यात कमी वेगाने स्वतःची ओळख हवेत सांगत असते. आता दोनच आहेत.

एकूण, रेडिओच्या पानासाठी हे यंत्र घ्यावे, वाहतुकीच्या पानासाठी घेऊ नये. एक बारीक सूचना: यंत्रात घड्याळाची बॅटरी नाही, त्यामुळे लाईट जाऊन आल्यावर नोंदवही १ जानेवारी १९७० पासून सुरू होते. वेळेच्या सर्व्हरचा पत्ता आणि साडेपाच तासांचा फरक पहिल्याच दिवशी भरून ठेवावा. मी ते दुसऱ्या महिन्यात केले आणि पहिल्या महिन्याच्या सगळ्या नोंदी निरुपयोगी झाल्या.