दुसरी एअर रायफल, डायॉप्टर आणि स्कोप : पावसाळ्यापासून द्राक्षहंगामापर्यंत वापरून

आधी निकाल सांगते. दुसरी रायफल म्हणून भारतीय बनावटीची, क्लब दर्जाची १० मीटर पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. तिच्यावरचा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, हौसेचा. तो नसता तरी काही अडलं नसतं, पण आता काढवत नाही. मॉडेलची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की बोलणं ब्रँडवर जातं, आणि मला सांगायचंय ते कुठल्याही ब्रँडला लागू आहे.

घरात नेमबाज दोघी आणि मॅच रायफल एक, अशी आमची अवस्था होती. लेक आधी शिकली. तिला नाशिकच्या गंगापूर रोडवरून रेंजवर सोडता-आणता मीही उभी राहायला लागले. मुख्य रायफल आयात केलेली. मागच्या उन्हाळ्यात तिचं सील गेलं, हवा धरेना. सुट्टा भाग येईपर्यंत आठवड्यामागून आठवडे गेले आणि लेकीची स्पर्धा तोंडावर. क्लबची रायफल उसनी मिळाली, पण ती दिवसभर चार जणांच्या हातातून फिरते. प्रत्येक वेळी गालपट्टी (गाल टेकवायची पट्टी), बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग), सगळं पुन्हा लावायचं. लेकीचे प्रशिक्षक सर म्हणाले, "ताई, रायफल बदलली की पोरगी नेम धरत नाही, रायफलशी भांडत बसते." तिथे दुसरी रायफल घ्यायचं ठरलं.

परवान्याचं बरेच जण विचारतात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा (म्हणजे .१७७) मोठी नसलेली आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो. १० मीटरची रायफल या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. आमचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा ८ ज्यूल. नातेवाइकांच्या लेखी मात्र ही कालिका यात्रेतली फुगे फोडायची बंदूकच आहे, आणि लाखाच्या आसपास पैसे मोजून फुगे कशाला फोडायचे हे त्यांना अजून कळलेलं नाही.

दुसरी घेताना पहिला मोह स्वस्त स्प्रिंग रायफलीचा होतो. नळी मोडून हवा दाबायची, पंप नको, सिलिंडर नको. सरावाला काय वाईट, असं वाटतं. पण स्प्रिंगवाली आधी मागे धक्का देते आणि पिस्टन पुढे आदळला की पुढेही. ती सैल हातात धरावी लागते, तर मॅच पीसीपी खांद्यात घट्ट बसवून धरायची असते. दोन्हींवर सराव केला तर हात दोन उलट्या सवयी शिकतात. माझं मत स्पष्ट आहे : बॅकअप म्हणजे डोळे मिटून उचलली तरी पहिलीच वाटायला हवी. कमी अचूक असली तर एकवेळ चालेल, वेगळी असून चालणार नाही.

म्हणून आणल्या आणल्या दोन्ही रायफली शेजारी ठेवून मापं जुळवली. बटपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर, गालपट्टीची उंची, पकडीचा कोन. वजनात नवी हलकी निघाली. नियमाने कमाल ५.५ किलो चालतं, त्यामुळे पुढच्या बाजूला वजनं लावायला वाव होता. सातपूरला ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळी चकत्या करून घेतल्या आणि तोल साधारण त्याच जागी आणला. ट्रिगर जुळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. १० मीटर रायफलला ट्रिगरच्या किमान वजनाची अट नाही, म्हणून लोक तो केसासारखा हलका करतात. आमच्या नव्या रायफलीचा ट्रिगर तितका हलका होतच नाही. मग उलटं केलं : मुख्य रायफलीचा ट्रिगर थोडा जड केला. लेकीने आठवडाभर तोंड फुगवलं, पण आता इकडून तिकडे जाताना बोट अडखळत नाही.

सिलिंडरबद्दल दोन गोष्टी. जुनी रायफल घेत असाल तर सगळ्यात आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. मॅच रायफलींच्या सिलिंडरचं आयुष्य साधारणपणे १० वर्षं धरतात आणि स्पर्धेत मुदतीची जबाबदारी नेमबाजावर असते. मुदत संपलेलं सिलिंडर असलेली रायफल स्वस्त नसते, नव्या सिलिंडरचे पैसे त्यात मिळवून बघा. दुसरी गोष्ट नाशिकच्या थंडीची. दुपारी ३० अंशांत २०० बार दाबाला भरलेलं सिलिंडर पहाटे ८ अंशांत काटा १८५ च्या आसपास दाखवतं. गळती नसते, हवा आकसलेली असते. निफाडचा एक मुलगा डिसेंबरात "काकू, माझी पण लीक झाली" म्हणत घाबरून आला होता. ऊन वर येईपर्यंत थांब म्हटलं, काटा वर आला.

पावसाळ्यात हातपंपाने भरणं मात्र जपून. दमट हवा दाबली की पाणी सुटतं आणि ते सिलिंडरमध्ये जातं. थोडं थोडं भरायचं, मध्ये पंप थंड होऊ द्यायचा, प्रत्येक वेळी पंपातली हवा सोडून द्यायची. जुलै-ऑगस्टात आम्ही पंप बाजूलाच ठेवला आणि कोरड्या हवेच्या टाकीवरून भरलं.

आता नजरेकडे येते, कारण पैसे नेमके कुठे घालायचे हा खरा प्रश्न तिथे आहे. १० मीटरच्या सामन्यात मोठं करून दाखवणारी कुठलीही भिंग-व्यवस्था चालत नाही. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, त्यानंतर आमच्या सोसायटीतले काका मला सांगत होते की त्याच्या बंदुकीवर केवढी दुर्बीण होती. ती दुर्बीण नव्हतीच. ५० मीटरलाही डायॉप्टरच : मागे बारीक भोक, पुढे एक कडं, आणि कड्याच्या मधोमध काळा गोल. १० मीटरच्या कागदावर हा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. ठिपका कोणालाच दिसत नाही. आपण फक्त गोलांत गोल बसवतो.

म्हणून बॅकअपसाठी ऑप्टिक्सचे पहिले पैसे चांगल्या डायॉप्टरला आणि मागच्या आयरिसला (लहान-मोठं करता येणारं भोक). रायफलीसोबत आलेला डायॉप्टर चालत होता, पण फिरवून परत आणला तर जागेवर येत नव्हता. चार क्लिक (चकतीचे टप्पे) डावीकडे, चार उजवीकडे, आणि ग्रुप (छर्‍यांच्या भोकांचा घोळका) सरकलेला. तो बदलला. नव्याचा क्लिक मुख्य रायफलीच्या क्लिकएवढा छर्रा सरकवत नाही, त्यामुळे दोन्हींचे आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून दस्त्याच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत. स्पर्धेच्या गडबडीत लेक ते बघते, मी तर नेहमीच बघते.

माझ्यासारख्या पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचा प्रश्न वेगळा. पुढचं कडं धूसर व्हायला लागतं. वाचायचा चष्मा घालून उपयोग नाही, तो वीतभर-हातभर अंतरासाठी असतो आणि कडं असतं जवळपास मीटरभर लांब. डोळ्यांच्या डॉक्टरांना रायफलीचा फोटो दाखवला, डोळ्यापासून कड्यापर्यंतचं अंतर सांगितलं. त्यांनी लांबच्या नंबरात अर्धा प्लस मिळवून नेमाच्या डोळ्यापुरती काच करून दिली. काच चष्म्यातच हवी, रायफलीला लावलेली चालत नाही. कडं रेखीव दिसायला लागलं. काळा गोल किंचित मऊ दिसतो, तो तसाच दिसायला हवा. आयरिस मी १.१ मिलिमीटरच्या आसपास ठेवते. त्याहून बारीक केला तर रेंजच्या दिव्यांत सगळं राखाडी होतं. लेक माझ्यापेक्षा मोठा ठेवते, तिचे डोळे तरुण आहेत. पुढचं कडंही फार घट्ट घेऊ नका. काळ्याभोवती पांढरं भरपूर दिसलं तर सरकलेला गोल डोळ्याला लगेच कळतो.

मग स्कोप कशाला? दिंडोरी रस्त्याला मामांचा मळा आहे. सुट्टीत तिथे २५ मीटरपर्यंत कागद लावून बसतो. शेजारचे शेतकरी उत्साहाने विचारतात, "पाखरं उडवायला बरी आहे की!" त्यांना प्रत्येक वेळी सांगते की १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, पोपट-बुलबुलांवर छर्रा मारणं गुन्हा आहे, बागेला जाळीच लावा. मामा स्वतः जाळीवालेच, त्यामुळे वाद तिथेच मिटतो. कागदामागे मातीचा बांध, त्याच्या पुढे चिंध्या भरलेली जाड लाकडी पेटी. दगडावर लागलेला चपटा छर्रा उलटा येतो, म्हणून बघणाऱ्यांनाही चष्मा. आणि शिशाचे हात धुतल्याशिवाय द्राक्षाला हात नाही.

स्कोप निवडताना आकड्यांच्या मागे लागू नका. मैत्रिणीचा ३-९x४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलिमीटरची) लावून बघितला. काच चांगली, पण त्याचा पॅरालॅक्स (डोळा हलला तरी नेम न हलण्याचं अंतर) १०० यार्डांवर पक्का केलेला. १० मीटरवर ९ पटीत कागद धुक्यात गेला आणि डोळा जरा हलवला की क्रॉसहेअर (नेमाच्या उभ्या-आडव्या रेघा) कागदावर फिरायचा. एअर रायफलला पुढे फिरवायची कडी किंवा बाजूची चकती असलेला, १० यार्ड किंवा त्याहून जवळ फोकस होणारा स्कोप हवा. मी ४-१२x४० घेतला. दुकानदार ६-२४x५० गळ्यात मारत होता. ५० ला २४ ने भागा, डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम २.१ मिलिमीटरचा. चित्र अंधारतं, वजन वाढतं, काच मोठी म्हणून रिंगा (स्कोप धरणाऱ्या कड्या) उंच लागतात, आणि उभं राहून नेम धरला की स्वतःच्या नाडीचे ठोके बघत बसावं लागतं. रेड डॉटचा (काचेत नेमाचा लाल ठिपका दाखवणारं साधन) विचार तर लगेच सोडला. २ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका १० मीटरवर ५.८ मिलिमीटर झाकतो. नऊचं वर्तुळच ५.५ मिलिमीटरचं आहे!

माउंट (स्कोप रायफलीवर बसवायचा जोड) घेताना रायफलीची रेल, म्हणजे तो जिच्यावर बसतो ती पट्टी, मोजून जा. मॅच रायफलीला ११ मिलिमीटरची डव्हटेल (अरुंद खाचेची रेल) असते. बाजारात मुबलक मिळतात ते पिकॅटिनी नावाच्या रुंद रेलचे माउंट, ते हिच्यावर बसत नाहीत, आणि ऑनलाइन जाहिरातींत दोन्हींचे फोटो सर्रास अदलाबदल केलेले असतात. रिंगा स्कोपच्या नळीच्या मापाच्या, माझ्या २५.४ मिलिमीटरच्या. स्कोप सरळ बसवायला महागडं लेव्हल घेतलं नाही. गवंड्याचा ओळंबा झाडाला टांगला, रायफल वाळूच्या पिशवीवर पातळीत ठेवली आणि उभी रेघ दोरीशी जुळवून स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले.

१० मीटरवर झिरो केलं, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागेल असं जुळवलं. पाव एमओएचा क्लिक १०० यार्डांवर ७ मिलिमीटर म्हणतात, तो १० मीटरवर पाऊण मिलिमीटरही होत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी टरेट (स्कोपवरची नेम सरकवायची चकती) फिरवून फिरवून बोटं दुखतात, स्कोप बिघडलाय असं समजू नका. ताकद कमी असल्याचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. स्कोप रायफलीच्या नळीच्या साडेचार सेंटीमीटर वर आहे, आणि १० ला झिरो केलेला छर्रा १८ मीटरच्या सुमारास पाऊणेक सेंटीमीटर वर आणि २५ ला सेंटीमीटरभर खाली लागतो. मधल्या कुठल्याही अंतराला आकडेमोड करावी लागत नाही. २५ च्या पुढे मात्र सपाट डोक्याचे मॅच छर्रे विस्कटायला लागतात. त्यापलीकडे गोल डोक्याचे हवेत, आणि खरं तर वेगळी रायफलच.

कुरबुरी आहेत. स्कोपच्या फोकस कडीवरचे आकडे खोटे आहेत. १० मीटरचं चित्र कडी '१५' च्या अलीकडे नेल्यावर स्पष्ट होतं, तिथे मी पांढऱ्या रंगाचा ठिपका लावलाय. सप्टेंबरात स्कोपच्या टोपणाखाली ओल धरायला लागली होती, आता डब्यात सिलिका जेल असतं. डायॉप्टर काढून स्कोप चढवला की गालपट्टी दोन बोटं वर घ्यावी लागते आणि परत उतरवताना जरा इकडेतिकडे झाली की सोमवारी रेंजवर लेकीचा ग्रुप खाली जातो. गालपट्टीच्या दांड्यावर नेलपॉलिशच्या दोन रेघा मारल्या आहेत, लाल डायॉप्टरची, निळी स्कोपची. स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांत स्कोप कपाटात आणि रायफल फक्त डायॉप्टरवर, असा घरातला नियम लेकीने केलाय. तो मोडायची मला परवानगी नाही.