पलंगाच्या पायांखालच्या ढेकूण-वाट्या : शोधायला उत्तम, संपवायला अपुऱ्या

इंटरसेप्टर नावाने विकल्या जाणाऱ्या या प्लॅस्टिकच्या वाट्या पलंगाच्या प्रत्येक पायाखाली एक अशा ठेवायच्या असतात. आत मधला खळगा, त्यात पलंगाचा पाय. त्याभोवती दुसरी गोल खाच. बाहेरची भिंत खडबडीत असल्याने ढेकूण सहज वर चढतो, पण आतल्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याचे पाय टिकत नाहीत. बाहेरच्या खाचेतला ढेकूण बहुधा खोलीतून पलंगाकडे निघालेला असतो, मधल्या खळग्यातला पलंगावरून उतरलेला. फवारणीवाल्याला कुठे जास्त शोधावं लागेल, हे एवढ्यावरून कळतं. डोळ्यांनी गादी तपासण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी भरवशाची, विशेषतः ढेकूण थोडे असताना.

मात्र वाट्या ठेवून काम संपत नाही. पलंग भिंतीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर हवा. लोंबणारी चादर, जमिनीला टेकलेली मच्छरदाणी, चार्जरची वायर, यातलं एकही राहिलं तर ढेकणांना वेगळी वाट मिळते आणि रिकाम्या वाट्या पाहून घर स्वच्छ असल्याचा गैरसमज होतो. माणसाने त्याच पलंगावर झोपत राहायचं. आमिष तोच आहे. दुसऱ्या खोलीत झोपायला गेलात तर ढेकूणही पसरतात.

सगळ्यात मोठी उणीव उष्ण प्रदेशातल्या ढेकणाबाबत. थंड हवामानातला सायमेक्स लेक्ट्युलॅरियस गुळगुळीत भिंतीवरून घसरतो, पण उष्ण भागातला सायमेक्स हेमिप्टेरस बऱ्यापैकी चढू शकतो. म्हणून आतल्या भिंतींना कापसाने टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर द्यावा. ढीग नको. धूळ बसली किंवा पावडर ओली होऊन गोळा झाली की ढेकणाला पुन्हा पकड मिळते, तेव्हा वाटी पुसून, वाळवून थर पुन्हा द्यायचा. वाटीवर किंवा तिच्या आसपास कीटकनाशक मारू नये. काही औषधांच्या वासाने ढेकूण तिकडे फिरकतच नाहीत.

दर आठवड्याला भिंगातून बघा आणि सापडलेलं साबणाच्या पाण्यात टाका. पहिल्या अवस्थेतलं पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचं आणि फिकट असतं, त्यामुळे काळी वाटी घेणं शहाणपणाचं. ढेकणाची सोंड डोक्याखाली मुडपलेली दिसते. झुरळाच्या पिल्लाला लांब मिशा आणि मागे दोन टोकं असतात. गालिच्यातल्या भुंग्याची अळी केसाळ असते. नुसत्या कातीही पुराव्यासाठी पुरेशा आहेत, कारण ढेकूण पूर्ण वाढेपर्यंत ५ वेळा कात टाकतो.

गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या फटीत घातलेली अंडी वाटीत येणार नाहीत. त्यासाठी वाफ, गादीला चेनची बंद खोळ आणि कपड्यांना ड्रायरची पूर्ण उष्णता किमान ३० मिनिटं, हे करावंच लागतं. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या फवाऱ्यांना बऱ्याच ठिकाणचे ढेकूण जुमानत नाहीत, म्हणून नुसत्या फवाऱ्यावरही विसंबू नये.

घेण्याआधी पायाची रुंदी मोजा. पाय खळग्याच्या भिंतीला टेकला की सापळा निकामी होतो. जाड गालिच्यावर वाटी तिरकी बसून तडकते, खाली प्लायवूडचा तुकडा हवा. पायच नसलेल्या पेटीच्या पलंगाखाली मात्र या वाट्या ठेवताच येत नाहीत.