मिलिसची अट: बेरीज की वजाबाकी?

अर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमिंग बोर्डावर ठरावीक वेळाने रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवायची अट दोन तऱ्हांनी लिहितात: ‘आत्ता >= सुरुवात + अंतर’ किंवा ‘आत्ता - सुरुवात >= अंतर’. कागदावर दोन्ही सारख्याच. पण ‘आत्ता’ची वेळ येते मिलिसमधून, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या फंक्शनमधून, आणि ते 32 बिटांचा अनसाइन्ड (कधीच ऋण नसणारा) आकडा देतं. 4294967295 नंतर, म्हणजे साधारण 49.7 दिवसांनी, तो शून्यावर येतो. सुरुवात 4294967000 आणि अंतर 1000 असेल तर बेरीजही तशीच शून्यावरून पुढे जाऊन 704 होते, अट लगेच खरी ठरते आणि रिले वेळेआधीच खटखटू लागतो. वजाबाकीत मात्र घड्याळ 704 वर आलं की उत्तर बरोबर 1000 येतं, कारण तीही त्याच 32 बिटांत फिरून येते. मी नेहमी वजाबाकीच लिहितो.

एक मात्र, ईएसपी32 या 32 बिटांच्या चिपवर 16 बिटांची अनसाइन्ड चलं वजा करताना जपा: कम्पायलर ती आधी साइन्ड इंट (ऋणही होऊ शकणारा पूर्णांक) करतो, उत्तर ऋण येऊ शकतं. ते परत 16 बिट अनसाइन्डमध्ये कास्ट करा, म्हणजे त्या प्रकारात बदलून घ्या.