माशांच्या भरलेल्या टाकीला मागून काळा रंग द्यावा की प्लास्टिकची पातळ फिल्म लावावी?

टाकी मासे-झाडांसह चालू असेल, तर आधी मागे भिंतीपर्यंत किती जागा आहे ते मोजा. २×१×१ फुटांच्या टाकीतही सुमारे ५६ लिटर पाणी असतं. ती ढकलली की सिलिकॉनच्या सांध्यांवर ताण येतो, म्हणून सरकवायची नाही.

दोन्हींसाठी काच बाहेरून पांढऱ्या व्हिनेगरने पुसून क्षाराचे डाग काढा. तेलकट बोट लागलं तरी रंग तिथेच सुटतो.

रंगाला हात आणि रोलर फिरेल एवढी, निदान फूटभर जागा लागते. ॲक्रिलिकचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक पूर्ण वाळू द्या. पहिल्या हातात पट्टे दिसणारच, घाबरून जाड थर देऊ नका. तो पापुद्र्यासारखा निघतो. स्प्रे मात्र नको, एअर पंप ती वाफ ओढून थेट पाण्यात सोडतो. नीट बसलेला रंग वर्षानुवर्षं टिकतो, पण बदलायचा झाला तर ब्लेडने खरवडत बसावं लागतं.

फिल्म दोन-तीन इंचांच्या फटीतूनही वरून सोडता येते. नुसती चिकटपट्टीने लावली तर मध्ये हवा राहते आणि काळ्याऐवजी चंदेरी आरसा दिसतो. काचेला ग्लिसरीनचा पातळ हात देऊन जुन्या एटीएम कार्डाने बुडबुडे बाहेर काढा. वरची कड पूर्ण लांबीभर टेपने बंद करा, नाहीतर पाणी बदलताना ओघळ आत शिरतात.

खर्चात फारसा फरक नाही. टाकी भिंतीलगत असेल, भाड्याचं घर असेल किंवा रंग ठरत नसेल तर फिल्म. मागे मोकळी जागा आणि काळाच हवा हे पक्कं असेल तर रंग.